मडगार्डावरची मेथी

महाड ते पोलादपूर सर्व्हिस मोटार मी चालवत होतो तेव्हाची गोष्ट. मोटार शेटची. पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं, पण जीव सगळा मोटारीत. मला ठेवून घेताना त्यांनी दोनच नियम सांगितले. मोटारीला पोचा आला की नोकरी संपली. आणि डावं मडगार्ड धुवायचं नाही, त्याचा रंग नाजूक आहे, ते मी स्वतः कोरड्या फडक्याने पुसतो, असं शेट म्हणाले. माझ्याआधीच्या ड्रायव्हराने ते बादलीभर पाण्याने धुतलं होतं. तो आता मुंबईला असतो.

मुंबईला मीही होतो, गिरणीत. बायको गावाकडे, मी दहाबारा जणांच्या खोलीत, शिमग्याला आणि गणपतीला काय ते तोंड दिसायचं. ही ड्रायव्हरकी मिळाली तेव्हा ट्रंक माळ्यावर टाकली आणि म्हटलं, आता ही खाली येणार नाही. शेती म्हणजे नाचणीपुरता वरकस तुकडा. नोकरी गेली की मुंबई, दुसरं होतंच काय?

एका दुपारी पोलादपूरहून रिकामी मोटार घेऊन येत होतो. वरच्या वाडीतल्या एका म्हातारबाची म्हैस रस्त्यात आडवी. भोंगा वाजवला. तिने मान वळवून पाहिलं, मागे सरकली आणि उजव्या मडगार्डाला अंग घासू लागली. चांगलं मनापासून घासलं. मडगार्ड भाकरीएवढं आत गेलं. म्हातारबा धावत आला, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "आता ही दूध चोरंल. तुज्या मोटारीला जरा शिस्त लाव."

तांबटाने ठोकून सरळ केलं असतं, पण त्याचं दुकान शेटच्या दुकानासमोरच. म्हणून मोटार घरी नेली. कपडे धुवायच्या मोगरीने आतून ठोकलं. निम्मा पोचा वर आला आणि रंगाचे टवके खाली आले.

बायको बघत उभी होती. "सरा बाजूला," म्हणाली, "ह्ये टोपलीचं काम हाय."

आमच्याकडे बायका टोपल्या-सुपांच्या फटी बुजवायला रद्दी कागद आणि मेथी भिजवून कुटतात. तो लगदा लिंपला आणि वाळला की दगड होतो. तिने पोच्यात लगदा भरला, ओल्या हाताने गुळगुळीत केला. शेट सासुरवाडीला गेले होते, म्हणून वाळायला सवड मिळाली. मग चुलीवरची काजळी खोबरेलात कालवून वरून फासली. चकाकी यावी म्हणून खोबरेल सढळ हाताने. शेट परत आले, मोटारीभोवती फेरी मारली आणि दुकानात गेले.

तरी बायकोने ट्रंक माळ्यावरून उतरवली, पुसली, तिच्यात माझे कपडे घातले आणि दाराशी ठेवली.

"काय गो, घालवतेस काय मला?"

"नाय. एकदम उतरवायला लागली तर माज्यान् व्हायचं नाय," म्हणाली.

मला तिला सोडून जायचं नव्हतं. ते तोंडाने सांगायला हवं होतं, पण मी मोटारीत पाणी घालायला गेलो.

बाजाराच्या दिवशी शेट स्वतः मोटारीत बसून पोलादपूरला आले. मी चहा घेऊन परत येतो तर एक शेळी पुढचे पाय पायरीवर टेकून उजवं मडगार्ड चाटतेय. खोबरेल संपवून ती मेथीपर्यंत आली होती. शेजारी शेट हात मागे बांधून उभे. तिला हाकलावं तर वाचवायचं काय राहिलं होतं? तिने शेवटचा तुकडा चावून खाल्ला आणि बाजारात निघून गेली.

"मेथी?" शेटनी विचारलं.

"होय शेट."

"आणि वरून?"

"खोबरेल."

शेटनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, खोबरेल लावल्यावर शेळी येणारच. करंजेल लावायचं. कडू असतं."

मी डाव्या मडगार्डाकडे पाहिलं. मग वाकून त्याचा वास घेतला. करंजेलच.

"मारुतीच्या पाराला लागली," शेट इकडेतिकडे बघत म्हणाले. "मी चालवायला शिकत होतो. आमच्या घरी बोलू नकोस." आणि मोटारीत जाऊन बसले. "चल, उशीर होतोय."

घरी आलो तर बायको ट्रंकेवर बसलेली. सगळं सांगितलं. ती हसली नाही. शेटचा पोचा केवढा आहे एवढंच विचारलं. मग उठली, ट्रंकेतून माझे सदरे काढून खुंटीला लावले आणि रद्दी कागदांचा गठ्ठा आणून तिच्यात भरायला लागली.

"ह्ये काय?"

"कागद लागतील," म्हणाली. "आता दोन मडगार्डं हायत." डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. मी तिच्या शेजारी बसलो आणि कागद फाडायला घेतले.