डाव्या हातातल्या बांगड्या

विमा आणि जोखीम शिकवताना सर भडकतात, हे कॉलेजातल्या पोरांना ठाऊक आहे. का भडकतो, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आम्ही मुरुडचे कोळी. घरात शिकलेला मी एकटाच. स्वातंत्र्य आलं त्या सुमाराला दादाच्या मागे लागून मी त्याचा आयुर्विमा उतरवला. दादा हसला. "अरे, तुज्या वहिनीनं लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला दिल्या हायत, मना राखायला. आनखी कसला विमा?" आमच्यात तशीच रीत. बायका बांगड्या भरतात त्या डाव्याच हातात. तरी माझ्या हट्टापायी दादा हप्ते भरत राहिला.

पुढे एका वादळात होडी फुटली. काशीदला फळ्या लागल्या, दोघा खलाशांची प्रेतं लागली. दादा नाही लागला. आणि प्रेत मिळाल्याशिवाय आमच्याकडे बाईचं कुंकू पुसत नाहीत. वहिनी रोज कुंकू लावून बंदरावर जाऊन बसायची. घरात दोन लहान पोरं. विम्याच्या पैशावरच ती जगणार होती.

मी अर्ज केला. चौकशीला कंपनीचा साहेब आला, नाकाला रुमाल लावून. सुक्या मासळीचा वास सोसेना मेल्याला! आमच्याच ओट्यावर बसून आमचंच शहाळं प्याला आणि वहिनीकडे बोट करून मला म्हणतो, "प्रेत नाही. वर बाई कुंकू लावून, बांगड्या भरून उभी. नवरा मेला हे तिलाच मान्य नाही, तर कंपनीनं का मानावं? कायद्यानं सात वर्षं थांबा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हप्ते घेताना कुंकू बघायला आला होतात काय?" मी ओरडलो. तो कागद आवरायला लागला.

वहिनी आत गेली ती वरवंटा घेऊनच आली. उंबऱ्यावर डावा हात टेकला आणि बांगड्या फोडल्या. पदरानं कुंकू पुसलं.

"उजवा हात दर्याला दिला व्हता. ह्यो कंपनीला घ्या. लिवा आता, मेला म्हनून."

त्यानं लिहिलं. तिच्या मनगटातून रक्त गळत होतं आणि तो लिहीत होता! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे हे लोक, आणि ह्यांचे नियम मी पोरांना फळ्यावर लिहून देतो.

एवढं करून पैसे दिले कधी, तर सात वर्षं भरल्यावरच. फोडलेल्या बांगड्या आमच्यात पुन्हा भरत नाहीत. दादाची वाट बघायला वहिनी त्यानंतर एकदाही बंदरावर गेली नाही.