चारबोटेकाका आणि माझा अंगठा

चारबोटेकाकांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता, आणि त्याचा अभिमान असल्यासारखे ते वागत. "मला अंगठेबहाद्दर म्हणायची कुणाची टाप आहे का?" असं विचारून स्वतःच खो खो हसत. चार बोटांनी ते शेंगा सोलत, शर्टाची बटणं लावत. तंबाखू तेवढी डाव्या हाताच्या अंगठ्याने मळत. चारबोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. बुवापाड्यातल्या आमच्या चाळीच्या पोरांनी ते ठेवलं होतं, तेही पाठीमागे. समोर जायची आमची छाती नव्हती.

माझी तर मुळीच नव्हती. पहिलीत गेले तरी मी अंगठा चोखत होते. आईने कडुनिंब, कारल्याचा रस, मिरची, सगळं लावून पाहिलं. मिरचीने डोळे सुजले, सवय होती तिथेच. बाईंनी दात पुढे येत असल्याची चिठ्ठी दिली तेव्हा आईने शेवटचं हत्यार काढलं. "त्या काकांचा हात बघितलास ना? लहानपणी चोखून चोखून विरघळला अंगठा!" त्या दिवसापासून मी रोज सकाळी माझा अंगठा उजेडात धरून बघायची. पांढराफटक, सुरकुतलेला, कालच्यापेक्षा बारीक. आणि भीती वाटली की अंगठा आपोआप तोंडात जायचा. आईच्या उपायाला असा गुण आला.

एका रविवारी तिने मला ओढतच त्यांच्या खोलीवर नेलं. "भाऊजी, सांगा हो हिला तुमच्या अंगठ्याचं काय झालं ते," ती डोळा मारून म्हणाली. काकांनी पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. "वहिनी, लहान पोरीशी खोटं कशाला बोलू? पोरी, माझा अंगठा कंपनीतल्या पॉवर प्रेसने नेला. पत्र्याबरोबर तोही कापला. कळलंसुद्धा नाही बघ." त्यांची ही खरं बोलायची खोड सगळ्या चाळीला नडायची. आईचा चेहरा उतरला. माझे बाबा त्याच कंपनीत, प्रेसवरच कामाला होते.

मग मी दोन्ही अंगठे चोखायला लागले. संध्याकाळी कंपनीचा भोंगा झाला की गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, आणि बाबांचे हात दिसेपर्यंत हलायची नाही. काकांना अपघातानंतर स्टोअरमध्ये बसवलं होतं, त्यामुळे ते आधी सुटत. एकदा ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"का गं चोखतेस?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. "भीती वाटते. बाबांचा पण जाईल."

काका म्हणाले, "मशीनला पुढे जाळी असते. ती खाली असली की हात आत जात नाही. पण माल भराभर निघावा म्हणून आम्ही शहाणे ती वर बांधून ठेवतो. मीपण बांधली होती."

"बाबा बांधतात?"

"उद्यापासून नाही बांधणार. तू तुझा अंगठा सांभाळ, तुझ्या बापाचा मी सांभाळतो."

आणि माणूस खरोखरच बाबांच्या मागे हात धुऊन लागला. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत मशीनपाशी हजर. बाबा घरी येऊन चिडचिड करायचे, "पोरीचं चोखणं बंद करायला सांगितलं, तर हा माझ्याच मानगुटीवर बसला! माल कमी निघतो, साहेब बोंबलतो." काका मात्र रोज आमच्या दाराशी थांबत, मी कोरडा अंगठा दाखवी, आणि ते म्हणत, "बापाचापण जागेवर आहे." एखाद्या दिवशी मी खोटं बोलले की अंगठ्याकडे नुसतं बघून म्हणत, "आज तुझी जाळी वर राहिली वाटतं." ओरडले कधीच नाहीत. माझं चोखणं हळूहळू सुटत गेलं, भीती तेवढी सुटली नाही.

मग एके दिवशी भोंगा भरदुपारी वाजला. कंपनीत कुणाचा तरी हात गेला, एवढंच चाळीत कळलं. आई गॅस बंद करायची विसरली. आम्ही दोघी अनवाणी गेटपर्यंत पळालो. मी मनातल्या मनात फक्त बाबा, बाबा म्हणत होते. रिक्षात घातलेल्या माणसाचा पंजा चिंध्यांत गुंडाळला होता, आणि चिंध्या लाल झाल्या होत्या. तो बाबांच्या शेजारच्या मशीनवरचा होता. त्याची जाळी वर बांधलेली होती. बाबा गेटाशी धडधाकट उभे होते, आणि थरथरत होते ते चारबोटेकाका. त्यानंतर बाबांनी त्यांच्याविरुद्ध एक शब्दही काढला नाही.

पुढे ती कंपनीच बंद पडली. काका चामटोलीला भावाकडे राहायला निघाले, तेव्हा मी दहावीत होते. निरोप घ्यायला आले आणि त्यांनी तो उजवा हात माझ्यापुढे केला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी शिवले नव्हते. आताही धीर होईना. मी पटकन वाकले आणि पाया पडले, म्हणजे हात धरायला नको. त्यांनी आशीर्वादासाठी डोक्यावर हात ठेवला. ती चार बोटं केसांना लागली आणि मी दचकले.

त्यांना कळलं. हात लगेच काढून घेत ते म्हणाले, "असू दे गं पोरी. या हाताला भ्यायलाच पाहिजे." बाबांनी पुढे होऊन तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मला रडू फुटलं, लाज वाटली, तरी मी पुढे झाले नाही.