एकशे तेहतीसच्या दोन बाटल्या

रसायनांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे वितळबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिचं काम एकच. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत चिमूटभर भुकटी भरायची, नळी तापवायची, भिंगाला डोळा लावायचा आणि भुकटी किती अंशांना वितळली ते लिहायचं. या कामानं तिला एक वाईट खोड लागली होती. समोर येईल त्याचा वितळबिंदू ती ठरवून मोकळी व्हायची. नवरा म्हणजे लोणी, बत्तीसलाच पातळ. नणंद म्हणजे गॅलियम, दिसायला धातू, पण तळहातावर घेतलं की ओघळणारी. सासूबाई टंगस्टन, तीन हजार चारशेच्या खाली बोलायचंच नाही. हे सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी टंगस्टन म्हणजे काय ते नातवाकडून समजून घेतलं आणि आठवडाभर खुशीत राहिल्या.

मग नव्या साहेबांनी वितळबिंदू मोजणारं यंत्र आणलं. नळी घाला, बटण दाबा, आकडा पडद्यावर.

"बाई, सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला," साहेब म्हणाले.

खोकी चिकटवण्यात वितळबाईला कमीपणा वाटत नव्हता. पण भिंगाखाली पांढरा कण ओलावतो, चमकतो आणि बघता बघता थेंब होतो, त्यावर तिचा जीव होता. रडत बसणं काही तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारी तिनं कपाटातल्या दोन बाटल्या कोमट पाण्यात धरल्या, लेबलं अलगद सोडवली आणि वाळवून खिशात टाकली.

सकाळी ती तोंड पाडून साहेबांपुढे उभी. "साहेब, या दोन बाटल्यांवर लेबलंच नाहीत हो!"

साहेबांना यंत्र मिरवायला निमित्तच हवं होतं. त्यांनी दोन्ही पांढऱ्या भुकट्या तपासल्या. एकशे तेहतीस. पुन्हा एकशे तेहतीस.

"एकच माल आहे. ओता एकत्र."

"ओतते की. आधी चिमूट-चिमूट मिसळून बघा ना, तुमच्याच यंत्रात."

मिश्रण शंभरच्या आसपासच वितळायला लागलं. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं, मग यंत्राला एक टपली मारून पाहिली.

"एकच माल असता, तर मिसळल्यावरही एकशे तेहतीसच आलं असतं," वितळबाई साखरेच्या आवाजात म्हणाली. "भेसळ झाली की आकडा घसरतो. एक युरिया आहे, दुसरं अत्तरवाल्यांचं सिनॅमिक आम्ल. यंत्र बिचारं खरंच बोललं. त्याला काय विचारायचं, ते कुणाला तरी ठाऊक हवं."

साहेबांनी दोन्ही बाटल्या उचलून फिरवून पाहिल्या. मग एकदम म्हणाले, "पण लेबलं गेली कुठं?"

थेट विचारल्यावर खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं खिशातून दोन्ही लेबलं काढून टेबलावर ठेवली. आता पॅकिंगही गेलं, घरीच बसायचं, असं तिनं गृहीत धरलं.

साहेबांनी लेबलं उलटसुलट करून पाहिली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही पॅकिंगला गेलात तर तिथल्या दहा हजार लेबलांचं काय होईल, या विचारानंच मला घाम फुटलाय. इथंच बसा."