सुवर्णाच्या नावाच्या ओळी

माझी मुलगी सुवर्णा सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये कम्प्युटर सांभाळते. कोणत्या कापडाला कोणता रंग किती टाकायचा, त्या हजारो रेसिपी तिच्या सर्व्हरवर असतात. सकाळी डिंडोलीहून कंपनीच्या बसने जाते, संध्याकाळी येते. बोलते कमी. लहानपणी काही हरवलं तर रडायची नाही, घरभर शोधत राहायची.

श्रावणात मिलमधले तीन लॉट बिघडले. नेव्ही ब्लू कापड काळपट निघालं. सर्व्हरवर पाहिलं तर रेसिपीतले आकडे बदललेले. मॅनेजर म्हणाले, "सुवर्णाबेन, चावी तुमच्या हातात, मग चोर बाहेरचा कसा?" आठ दिवसांत कारण सापडलं नाही तर घरी बसायचं, असं तिला सांगण्यात आलं. त्या आठवड्यात ती पोळी मोडून ताटात तशीच ठेवायची.

तिने सर्व्हरवर नोंद ठेवायची सोय चालू केली. कोणी काय विचारलं, काय बदललं, ते ओळीओळीने एका फाइलमध्ये लिहिलं जातं, असं तिने मला समजावलं. पहिल्या दिवशी नुसती रेसिपी विचारणाऱ्यांच्याच इतक्या ओळी आल्या, की डिस्क भरत आली. मग तिने फक्त बदलांची नोंद ठेवली. पण त्या ओळींत बदलणाऱ्याचं नावच नव्हतं. तेही लिहायला लावलं, तर प्रत्येक ओळीत एकच नाव आलं: सुवर्णा.

"आई, हे मी केलेलं नाही," ती म्हणाली.

"मग तुझं नाव कसं?"

मग तिने सगळं सांगितलं. मिलमध्ये रंग कालवणारे कलर मास्टर चिंधाभाऊ, त्यांना तिने स्वतःचा पासवर्ड दिला होता. चिंधाभाऊ माझे चुलतभाऊ. अमळनेरहून आम्हाला सुरतेत त्यांनी आणलं, सुवर्णाची नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. त्यांना नवीन लॉगिनसाठी मॅनेजरकडे अर्ज करा म्हणणं तिला जमलं नाही. मलाही जमलं नसतं. आमच्याकडे मामाने मागितलं की भाची देते.

दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक ओळीसमोर, बदल ज्या कम्प्युटरवरून झाला त्याचा पत्ताही येईल असं केलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक रेसिपी बदलली. पत्ता रंग कालवायच्या खोलीतल्या कम्प्युटरचा होता, वेळ चिंधाभाऊंच्या पाळीची.

मॅनेजरकडे जाण्याआधी ती त्यांच्याकडे गेली. तिने छापून नेलेला नोंदींचा कागद पाहून ते हसले.

"पोरी, पिंपातला रंग फिका व्हता, म्हनीसन वाढाया. मना लॉट बिघडना का?"

"तुमचा नाही, मामा. पुढच्या पाळीने गडद रंगाचं नवं पीप उघडलं, आणि तुम्ही वाढवलेलाच आकडा वापरला."

"रंग डोयाले दिसस, तुना डब्बाले काय समजस?"

"डोळ्याला दिसलं ते कागदावर तरी लिहायचं होतं."

कागद परत देत ते म्हणाले, "तू मामानं नाव सांगशी?"

"माझंही सांगणार आहे. पासवर्ड मी दिला."

त्या दिवशी तिचा फोन लागत नव्हता. मी दुपारभर दारात उभी. मनात एकच, की तिने एकटीने दोष घेऊ नये. आणि खरं सांगायचं तर, भाऊंचं नावही येऊ नये.

तिने दोन्ही नावं सांगितली. नोकरी राहिली, पण पासवर्ड दिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. चिंधाभाऊंना पाळीवरून काढून कापड तपासायच्या टेबलावर बसवलं. चोवीस वर्षं रंग कालवणारा माणूस आता इतरांनी रंगवलेले तागे उलगडून बघतो.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला, सुवर्णाची चौकशी केली. भाऊ आतल्या खोलीत होते, खोकल्याचा आवाज येत होता. मी तासभर बसले, पण ते बाहेर आले नाहीत. निघताना मी दाराशी थांबून मोठ्याने म्हटलं, "भाऊ, येते मी." आतला खोकला थांबला, एवढंच.

घरी आल्यावर सुवर्णाने विचारलं, "मामा काही बोलले?"

मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि ताटं घ्यायला उठली.