तुळजाक्कांची जाळीची शाल

आमच्या तंजावरच्या मुलींच्या शाळेत टीचर्स रूम म्हणजे एक लांब टेबल, डुगडुगत्या खुर्च्या आणि न संपणारं बोलणं. तिथे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. डब्यातल्या दहीभाताबरोबर ते आपोआप साठत गेले. आज आठवायला बसले, की त्यातले निम्मे एकाच शालीचे निघतात. आता हसू येतं. तेव्हा मात्र रडायची पाळी होती हो!

शाल तुळजाक्कांची. तुळजाक्का गणिताच्या टीचर, माझ्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातल्या. नवरा लवकर गेला. एकुलती एक सुगुणा नर्स होऊन दिल्लीला गेली आणि तिथल्याच एका पंजाबी मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तुळजाक्कांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आणि लगेच विणायला घेतलं. लोकरीची शाल, तंजावरात!

"कोणासाठी हो, अक्का?" मी विचारलं.

"एक्झिबिशनसाठी गे."

कुठलं एक्झिबिशन, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

* * *

नमुना एका इंग्रजी मासिकातला. चित्रातली शाल अशी, की कोळ्यानं विणावी! पण खाली सगळी अक्षरं आणि आकडे. तुळजाक्का मासिक घेऊन इंग्रजीच्या राजम टीचरकडे गेल्या.

राजमनं चष्मा लावून वाचलं. "के टू... के टू तर पर्वत आहे, अक्का. भूगोलाच्या टीचरना विचारा."

भूगोलाच्या टीचरनी नकाशा काढून पर्वत दाखवलासुद्धा! 'दोन टाके सुलट' एवढाच त्याचा अर्थ, हे कळेपर्यंत अर्धी वीत शाल चुकीची विणून झाली होती. सगळी उसवली.

* * *

मग घाम. चैत्रात तळहात असे भिजायचे, की लोकर सुईवरून सरकेना. तुळजाक्कांनी तोड काढली: खडू कुटून हाताला लावायचा. लोकर आकाशी रंगाची. आठवड्यात ती राखाडी झाली. वर्गातले खडू संपले ते वेगळंच.

हेडमिस्ट्रेस टीचर्स रूममध्ये आल्या. "गणिताला एवढे खडू लागतात?"

"गणित कठीण आहे, मॅडम," तुळजाक्का म्हणाल्या. सुई खाली ठेवली नाही!

शाल धुतली. धुतल्यावर आटली. पुन्हा उसवली.

* * *

एकदा इन्स्पेक्टर आले. तुळजाक्का वर्गात फळ्यावर गणित घालून टेबलाखाली विणायच्या आणि तोंडानं पुटपुटायच्या. मुलींना ते पाठ झालेलं. इन्स्पेक्टरनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. "काय शिकलीस, सांग."

ती घाबरली आणि एका दमात म्हणाली, "दोन सुलट, दोरा पुढे, दोन एकत्र, एक सोड!"

इन्स्पेक्टरनी हेडमिस्ट्रेसकडे बघितलं.

"बीजगणित, सर," हेडमिस्ट्रेस म्हणाल्या. "नवी पद्धत."

इन्स्पेक्टरनी मान डोलावली. तुळजाक्का मात्र त्या गडबडीत एक टाका सोडून बसल्या होत्या. संध्याकाळी तो सापडला, घसरत पार तळाशी गेलेला. पुन्हा उसवली.

* * *

पापनाशमचा किस्सा सांगताना माझा अजून जीव जातो. राजमच्या भावाच्या लग्नाला आम्ही बसनं निघालो होतो. शाल हातभर झालेली. इतकी पूर्वी कधी झालीच नव्हती. बसला गचका बसला आणि लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळून शेजारच्या म्हाताऱ्याच्या केळीच्या टोपलीत पडला. कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हातारा पापनाशमच्या अलीकडे कालव्यापाशी टोपली घेऊन उतरला आणि बस सुटली!

हिसक्यानं सुई निसटली आणि शाल ओळीमागून ओळ उसवत दाराबाहेर पळायला लागली. राजम ओरडतेय, "निरुत्तुंगो! थांबवा!" कंडक्टर शिट्टी फुंकतोय, आणि म्हाताऱ्याला वाटलं तिकिटासाठी बोलावतायत, म्हणून तो शेतातून उलटा पळत सुटला!

तुळजाक्कांच्या हातात चार बोटं शाल उरली. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं.

"चूक होतीच तिच्यात," त्या म्हणाल्या. लग्नात जेवल्या नाहीत.

* * *

एक दिवस भूगोलाच्या टीचर भोळेपणानं बोलून गेल्या, "तुमच्या सुगुणाला मुलगी झाली म्हणे! दिल्लीत आता थंडी मी म्हणत असेल, नाही?"

तुळजाक्कांनी डबा बंद केला, सुई काढली आणि सगळी शाल आमच्यासमोर सावकाश उसवली.

"मला हे जमणार नाही गे," एवढंच मला म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना हरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुटीत त्या नव्यानं टाके घालत होत्या.

* * *

आणि मग सुगुणा आली. येणार असल्याचं तिनं मलाच कळवलं होतं. मी तुळजाक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मला पेपर तपासायचेत." गाडीच्या वेळेला मात्र माझ्याआधी स्टेशनवर हजर! काखेत पिशवी.

सुगुणा उतरली. कडेवर मुलगी, पायाशी ट्रंक. वाळली होती. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. प्लॅटफॉर्म रिकामा झाला. मी मुलीला माझ्याकडे घेतलं.

तुळजाक्कांनी पिशवीतून शाल काढली. पाऊण झालेली, सुईसकट. त्यांनी सुगुणाला खांद्याला धरून पाठमोरी केली आणि शिंप्यासारखी शाल तिच्या पाठीवर धरून बघितली.

"माप चुकलंय," त्या म्हणाल्या.

"शालीला माप असतं, आई?"

"असतं." त्यांनी सुई ओढून काढली आणि तिथेच बाकावर बसून उसवायला लागल्या. मान वर न करता विचारलं, "नवीन होईपर्यंत राहशील?"

सुगुणा ट्रंकेवर त्यांच्यासमोर बसली आणि लोकर गुंडाळून घ्यायला तिनं दोन्ही हात पुढे केले.