अण्णांनी कुणालाच विचारलं नाही

वकीलबाईंच्या टेबलासमोर खुर्च्या दोनच होत्या. एक धाकट्याने ओढून घेतली, दुसरी मधल्याने. त्यांची थोरली बहीण अण्णांच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी राहिली.

अण्णा म्हणजे या तिघांचे वडील. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत फिरलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत. वर येताना लिफ्टची कुरकुर ऐकून ते पुटपुटले होते, "हिला... कुणी वाली नाही." एरवी थोरली हसली असती. आज तिला हसायचंच नव्हतं.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. अण्णा आजारी पडले तेव्हा "थोडे दिवस" म्हणून तिने काम सोडलं, त्याला आता कित्येक वर्षं झाली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे ती मोकळीच, असा भावांनी हिशेब करून टाकला होता.

"घर आम्हा दोघांच्या नावावर करू," धाकट्याने सुरुवात केली. "पुढे भानगड नको. ताई अण्णांना बघतेच आहे. आम्ही महिन्याला काहीतरी देत जाऊ."

"सध्या कोण बघतं त्यांचं?" वकीलबाईंनी विचारलं.

"आम्ही तिघं मिळून," मधला म्हणाला.

थोरलीची कानशिलं तापली. "तिघं मिळून? गेल्या खेपेला आलास तेव्हा पायातले बूटसुद्धा काढले नाहीस! माझी नोकरी गेली, कंबर गेली, आता डोक्यावरचं छप्परही काढून घ्या. मी काय भिंतीतली खुंटी आहे, येईल त्याने येईल ते अडकवायला?"

"ताई, अगं परक्या माणसांसमोर..."

"परक्यांसमोरच बोलणार! घरी ऐकायला फिरकतोस कधी?"

वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "घर अण्णांचं आहे, तेव्हा अशीलही तेच. मला त्यांच्याशी एकट्यांशी बोलायचंय."

भाऊ तोंड वाकडं करत उठले. थोरली जागची हलली नाही.

"तुम्हीसुद्धा, ताई."

"त्यांचं बोलणं तुम्हाला समजायचं नाही."

"समजेपर्यंत विचारीन."

बाहेरच्या बाकावर तिघं तोंडं फिरवून बसली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. अण्णा घामाघूम झाले होते, पण चेहरा ताठ होता.

वकीलबाईंनी त्यांचा निर्णय सांगितला. घर कुणाच्याही नावावर होणार नाही. पुढच्या खोल्या दातांच्या डॉक्टरला भाड्याने द्यायच्या. त्या भाड्यातून आणि पेन्शनमधून अण्णा शुश्रूषागृहात राहणार. मागच्या दोन खोल्यांवर थोरलीचा ती असेपर्यंत हक्क, आणि तो कागदोपत्री पक्का करायचा.

धाकटा ताडकन उठला आणि दार आपटून चालता झाला. मधला त्याची समजूत घालायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. थोरलीला त्यांचं काही वाटलं नाही. तिचा सगळा राग आता अण्णांवर उलटला.

"परक्यांच्या हाती जाणार? माझं काय चुकलं? मला एका शब्दाने विचारलंत?"

"तू..." अण्णांनी शब्द ओढून काढला. "नोकरी सोडताना... मला... विचारलंस?"

त्यावर ती आणखीच भडकली. तिने खुर्ची गर्रकन वळवली आणि त्यांना घरी आणलं. अण्णांचं सामान बांधतानाही तिची आदळआपट चालूच होती. त्यांच्या बनियनच्या घड्या मात्र एकसारख्या पडत होत्या.

अण्णा शुश्रूषागृहात राहायला गेल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती तिकडे फिरकलीच नाही. झोप लागायची आणि झोप लागली म्हणूनही तिला राग यायचा. मग एक दिवस चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचा निरोप आला, अर्धा दिवस येशील का म्हणून. ती गेली.

कामाच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती शुश्रूषागृहात पोहोचली. अण्णांची दाढी अर्धवट झालेली पाहून आधी तिने तिथल्या मदतनिसाला फैलावर घेतलं, मग स्वतः वस्तरा हातात घेतला.

"राग... गेला?" अण्णांनी विचारलं.

"नाही. आणि इतक्यात जाणारही नाही. हलू नका."

अण्णा हलले नाहीत. दुकानात आलेलं नवं मशीन किती भिकार आहे, हे ती गालावरून वस्तरा फिरवत त्यांना सांगू लागली.