झाकणांच्या कारखान्यातली एक्सरेबाई

डब्यांची पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात, वरच्या मजल्यावरच्या तपासणीच्या खोलीत ती बसत असे. कामगार तिला ‘एक्सरेबाई’ म्हणत; तोंडावर नव्हे, अर्थातच. संशय घेणं हेच तिचं काम होतं आणि त्याचाच तिला पगार मिळे. प्रत्येक झाकण सदोष आहे असं धरून चालायचं, ते ‘गेज’मध्ये, म्हणजे मापाच्या जाड पोलादी कड्यात बसवून पाहायचं आणि नेमकं बसलं तरच सोडायचं. अशा कामात उमेदीची वर्षं गेली की माणूस झाकणांपाशी थांबत नाही. दूधवाल्याचं माप, शेजारणीचं हसू, डॉक्टरांनी बदललेली गोळी, सगळ्यात ती खोट शोधू लागली होती.

धाकटा भाऊ वारल्यावर तिनेच शब्द टाकून भावजयीला समोरच्या खुर्चीवर लावून घेतलं. दोघींसाठी टेबल भिंतीपासून खोलीच्या मध्यभागी आलं. उपकार केला खरा, पण लगेच त्याची धास्तीही वाटू लागली. भावजयीचे डोळे तरुण, हात चपळ. एका टेबलाला दोन तपासनीस कशाला, हा प्रश्न मॅनेजरला आज ना उद्या पडणारच होता. भावजयीची उमेदवारी आता संपत आली होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, एवढंच ठरायचं होतं.

त्याच सुमारास गेज जागा सोडू लागलं. जेवायला जाताना एक्सरेबाई ते टेबलाच्या मधोमध ठेवी. परतल्यावर ते भावजयीच्या बाजूला गेलेलं असे.

“गेजला हात लावलास?”

“जेवायला तुमच्या शेजारीच तर बसले होते, ताई. माझा तिसरा हात कुठे असतो तो सांगा, म्हणजे त्यालाही कामाला लावते.”

एक्सरेबाई हसली नाही. ही गेज गुपचूप घासत असणार, असं तिने मनाशी जुळवलं. माप बिघडलं की वाईट झाकणं पास होतील, बोल थोरलीवर, म्हणजे आपल्यावर येईल, आपली खुर्ची रिकामी होईल. तिने गेजभोवती खडूने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. परत येऊन पाहते तो गेज रेघेबाहेर. आता झाडूवाल्याकडची दुसरी किल्लीही संशयात आली. पुरावा मिळाला की संशय वाढतो. पुरावा मिळाला नाही तरी वाढतो, कारण मग तो कोणीतरी लपवलेला असतो.

तिने मॅनेजरच्या कानावर घातलं, “भावजय गेजशी खेळते.”

“मग तिला कायम कशाला करायचं?” तो म्हणाला. “संध्याकाळी निकाल लावतो.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी भावजयीला कळली. एरवी ‘ताई’ म्हणणारी ती रागावली की ‘वन्सं’ म्हणे.

“वन्सं, आज कोणी जेवायला जायचं नाही. दाराला कडी लावा. हात मांडीवर ठेवा. बघू या कोण येतंय ते.”

दोघी समोरासमोर बसल्या. खालच्या मजल्यावर यंत्राने पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवाल्यांची सुट्टी उशिराची, त्यामुळे त्यांचे ठोके चालूच होते. प्रत्येक ठोक्याला जमीन हादरे, टेबलाला सूक्ष्म कंप सुटे.

“हललं!” भावजय ओरडली.

“तू पाय लावलास टेबलाला.”

भावजयीने दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली. “आता? श्वासही बंद करू का?”

गेजची कड सावकाश, केसाकेसाने, खडूची रेघ ओलांडून गेली. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

एक्सरेबाई खाली वाकली. टेबल मध्यभागी आणल्यावर ते डुगडुगू लागलं होतं. म्हणून आपल्या बाजूच्या पायाखाली तिने अलीकडेच पुठ्ठ्याची घडी सारली होती. ती बाजू किंचित उचलली गेली होती आणि टेबलाला भावजयीकडे उतार आला होता. एवढ्या उतारावर गेज एरवी घसरलं नसतं. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत होतं, घर्षण धरून ठेवत होतं, आणि दोन्ही बलं तोलात होती. मात्र प्रत्येक ठोक्याला पृष्ठभागाची पकड क्षणभर सैल पडे, तोल जाई, गेज कणभर सरके, आणि घर्षण त्याला पुन्हा धरी. काम चालू असताना ते सतत हातात असे, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, असं आपण शाळेत शिकतो, आणि पुस्तकातल्या चित्रात गाडी ढकलणारा माणूस असतो. कदाचित म्हणूनच काही हललं की आपण आधी माणूस शोधतो. वस्तू विनाकारण हलत नाही, हे एक्सरेबाईचं म्हणणं चूक नव्हतं. कारणाला हात, पाय आणि वाईट हेतू असायलाच हवा, हा तिचा समज चूक होता.

ती उठून मॅनेजरकडे गेली.

“सकाळी भावजय हलवत होती, आता गेज आपोआप चालतं?” त्याने मान तिरकी केली. “घरात तडजोड झालेली दिसते.”

संशयाची ती नजर एक्सरेबाईच्या चांगल्या ओळखीची होती. फक्त ती आजवर कधी तिच्या वाट्याला आली नव्हती. “वर येऊन बघा, साहेब,” ती म्हणाली. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. गेजकडे बघा.”

तो आला. आधी टेबलाखाली हात घालून लोहचुंबक तर लपवला नाही ना, हे त्याने चाचपून पाहिलं. हाताला कोळिष्टक लागलं. मग गेज सरकताना त्याने पाहिलं, आणि तरीही दोघींच्या पायांकडे एकदा बघून घेतलं. शेवटी भावजय कायम झाली, पण पॅकिंगमध्ये. “नात्यातली दोन माणसं एका टेबलाला नकोत,” एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी दोघी घराकडे निघाल्या.

“तक्रार करायच्या आधी मला सरळ विचारलं असतंत तर?” भावजय म्हणाली.

“विचारलं होतं की. तू नाही म्हणालीस.”

“मग?”

“मग मला ते खोटं वाटलं.”

भावजयीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “आणि उद्या काही हललं तर?”

एक्सरेबाई चालता चालता थांबली. “आधी टेबलाखाली बघेन,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने प्रामाणिकपणे पुढे बोलली, “मग तुझ्याकडे.”